चहाच्या जागेखाली सात नाणी

जिल्ह्याच्या पुराणवस्तू नोंदवहीत माझ्या वडिलांचं नाव नाही, हे दुःख आमच्या तिघांच्या घरात चौथ्या माणसासारखं जेवायला बसायचं. आई गेल्यावर ते तिच्या खुर्चीवर बसायला लागलं, एवढाच काय तो फरक.

बाबा पियानो जुळवायचे. आठवडाभर शाळांचे, चर्चचे, आणि ज्यांच्या घरी पियानोचा उपयोग नातवंडांचे फोटो ठेवायला होतो अशा लोकांचे पियानो सुरात आणायचे आणि रविवारी धातुशोधक यंत्र घेऊन गॅरडच्या शेतात जायचे. अशी एकतीस वर्षं. त्यांचा कान असा, की कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये यंत्र वाजलं की जमिनीत काय आहे ते उकरायच्या आत सांगून मोकळे व्हायचे. "बियरच्या डब्याची कडी. जरासा उतरलेला पंचम." मग ते गुडघे टेकून उकरायचे आणि बियरच्या डब्याची कडीच निघायची.

"माहीत असतं तर उकरता कशाला?" मी विचारायची.

"अगं, एखाद्या वेळी माझा कान चुकला तर?"

एकतीस वर्षांत त्यांचा कान चुकला नाही, हीच तर पंचाईत होती.

सापडायचं नाही असं नव्हतं. गणवेशाची बटणं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, नालांचे तुकडे, कुणाच्या तरी पणजोबांच्या खिशातून पडलेली तांब्याची पेनी. पण नोंदवहीचा नियम असा की तीनशे वर्षांहून जुनी वस्तू असेल तरच तिची नोंद होते आणि बाबांच्या वस्तू दोनशे ऐंशीपर्यंत येऊन दम टाकायच्या. दर तीन महिन्यांनी ते बुटांना पॉलिश करून, सगळं मऊ कागदात गुंडाळून जिल्हा नोंदणी अधिकाऱ्याकडे घेऊन जायचे. तिचं नाव बेथन प्राइस. ती एकेक पुडी उलगडायची, भिंग लावायची आणि म्हणायची, "छान आहे हो. जपून ठेवा." नकाराचं सरकारी भाषांतर 'जपून ठेवा' असं होतं, हे आम्हाला हळूहळू कळलं. आमच्या गॅरेजमध्ये बिस्किटांचे शेहेचाळीस डबे भरून जपून ठेवलेलं आहे. गाडी बाहेर पावसात उभी असते.

"एक ओळ, हेस्टर," बाबा म्हणायचे. "काय सापडलं, कुठं सापडलं, कोणाला सापडलं. शेवटी डी. पॅलंट. मला पान नको. ओळ पुरे."

फेब्रुवारीत ते गेले. त्याबद्दल इथं एवढंच.

अंत्यविधीनंतरच्या चहाच्या वेळी, त्यांच्या शोधक मंडळाचे अध्यक्ष सिरिल बड अंड्याचं सँडविच घेऊन माझ्याजवळ आले. पाद्र्यानं नुकतंच बाबांना डेस्मंडऐवजी दोनदा 'डेनिस' म्हटलं होतं आणि मी ते विसरायचा प्रयत्न करत होते.

"तुझ्या दुःखात मी आहेच, हेस्टर," सिरिल म्हणाले. मग सँडविचचा एक घास झाला. "गॅरडच्या शेताचं काय ठरलंय?"

हे वाटतं तितकं निर्दय नाही. या लोकांत घर, गाडी, दागिने कुणाला गेले हे कोणी विचारत नाही. शेतकऱ्यानं शोधायची परवानगी दिलेलं शेत कुणाकडे गेलं, हे विचारतात. मंडळातल्या एका लग्नात म्हणे दोन शेतं आली म्हणून मुलाकडच्यांनी मुलीचा स्वभाव पाहिला नाही.

"मी जाणार आहे," मी म्हणाले. हे मलाही तेव्हाच कळलं.

सिरिलनी माझ्या बुटांकडे पाहिलं. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते, वय अडतीस, आणि बूटही त्याच प्रकारचे आहेत. "बघ हो," ते म्हणाले, "झेपलं नाही तर मी आहेच."

आता खरं सांगायचं तर मला शेतात काही शोधायचं नव्हतं. ठेवायचं होतं. बाबांची राख जांभळ्या रंगाच्या प्लास्टिकच्या बरणीत माझ्या फ्रिजवर होती. शेजारच्या मॉरीन थर्कटल गेले सात महिने तिच्याबद्दल सल्ले देत होत्या. त्यांच्या बहिणीनं नवऱ्याला समुद्रात सोडलं तर वाऱ्यानं तो परत येऊन सगळ्यांच्या कोटांवर बसला. चुलत जावेनं काचेत घालून पेपरवेट करून घेतलं. "छान दिसतो," मॉरीन म्हणाल्या, "जिवंतपणी इतका कधी चकाकला नव्हता."

मी जागा ठरवली होती. गॅरडच्या शेताच्या कडेला कुंपणात ओकचं झाड आहे. अकरा वाजले की बाबा त्याखाली लोखंडी घडीचं स्टूल मांडून थर्मासमधला चहा प्यायचे आणि चीज-लोणच्याचं सँडविच खायचे. लहानपणी मी शेजारी बादली उलटी करून बसायची. कापणी आणि पुढची पेरणी यांच्यामध्ये सप्टेंबरात ते शेत दोन आठवडे मोकळं असतं. तेव्हा जायचं.

गॅरडना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं, आणि मग मला त्यांच्यासमोर काहीतरी बोलावं लागलं असतं.

कोणी पाहिलं तर संशय नको म्हणून मी यंत्र बरोबर घेतलं. बरणी दप्तरात. मॉरीन बोलावलेल्या नसताना आल्या, थर्मास आणि आल्याची बिस्किटं घेऊन. स्टूल जिथं असायचं तिथं मी बाबांच्या फावड्यानं खड्डा खणला. हातभर खोल. आधी गवताचा थर चौकोनी कापून बाजूला, मग माती ताडपत्रीवर, सगळं बाबांनी शिकवल्याप्रमाणे. मग बरणी उघडली आणि ओतली.

"काहीतरी म्हण ना," मॉरीन हळूच म्हणाल्या.

"काय म्हणू?"

"प्रार्थना."

"ते चर्चमध्ये फक्त पियानो जुळवायला जायचे."

"मग दुसरं काही म्हण. असं मुक्यानं बरं दिसत नाही गं."

मी विचार केला. मी बरंच वाचलेलं आहे, मृत्यूवर तर कपाटभर. त्यातलं एकही वाक्य वेळेवर आलं नाही. "बाबा," मी म्हणाले, "खड्डा काटकोनात आलाय."

"हे चांगलं झालं," मॉरीन म्हणाल्या आणि नाक पुसलं.

आता पुढचं माझ्या हातांनी केलं, मी नाही. मी सात वर्षांची असल्यापासून बाबांचा नियम होता: खड्डा बुजवण्याआधी त्यावरून यंत्र एकदा फिरवायचं. कितीही कंटाळा आला तरी. एका वस्तूमागे दुसरी असते, आणि आळशी माणूस दुसरी बुजवून घरी जातो. हा नियम त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला होता की मी यंत्र चालू केलं आणि बाबांवरून फिरवलं.

ते वाजलं.

आम्ही दोघी खड्ड्याकडे पाहत राहिलो.

"गुडघा!" मॉरीन म्हणाल्या.

"गुडघे त्यांचे स्वतःचे होते."

"मग दात असेल. सोन्याचा."

"सोन्याचा दात तुमच्या मिस्टरांचा होता, मॉरीन."

"हो की गं."

मी हातमोजा काढला, बाही वर केली आणि त्यांची माफी मागून आत हात घातला. तळाच्या मातीच्या ढेकळाबरोबर करंगळीच्या नखाएवढं काहीतरी वर आलं. जाड, काळपट. अंगठ्यानं पुसलं तर एका बाजूला साळिंदरासारखं काहीतरी, पाठीवर काटे उभे केलेलं. मला पियानोचे सूर कळत नाहीत, पण पुस्तकातली चित्रं लक्षात राहतात. हे चांदीचं नाणं होतं आणि तेराशे वर्षांपूर्वीचं होतं.

मग दुसरं. मग तिसरं, पहिल्याला चिकटलेलं.

इथं बाबांचा आणखी एक नियम लागू होता, जो त्यांना स्वतःला कधीच वापरायला मिळाला नाही. जुनी चांदीची दोन नाणी एका जागी निघाली की कायद्यानं ते गुप्तधन. हात वर करायचे, पुढं उकरायचं नाही, धुवायचं नाही, फोन करायचा. मी हात वर केले. हातांना कोपरापर्यंत बाबा लागले होते.

"पण डेस?" मॉरीन म्हणाल्या. "डेस खालीच आहे."

"माहीत आहे."

"त्याला आधी वर घे."

मी खड्ड्यात पाहिलं. ढेकळं, मुळं, राख. त्यांना वर घ्यायचं म्हणजे उकरायचं, आणि उकरायचं नाही हा त्यांचाच नियम. आम्ही मॉरीनच्या रेनकोटनं खड्डा झाकला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि मी बेथन प्राइसला फोन लावला. बारा वर्षांत तिचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ती किंचाळली. मग भानावर येऊन तिनं विचारलं, "खड्ड्यात आणखी काय आहे?"

"माती," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पुरेसंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेथन आली, आणि तिच्याबरोबर जिल्ह्याचे उत्खननवाले डॉ. क्वांट्रिल, उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात चार ब्रश. खड्ड्यावर मांडव उभा राहिला. ट्रॅक्टर थांबवून गॅरड आले आणि खिशात हात घालून उभे राहिले. सिरिल बड घडीची खुर्ची घेऊन आले. त्यांना कोणी कळवलं हे मी विचारलं नाही, कारण मॉरीन फार बारकाईनं आभाळ पाहत होत्या.

क्वांट्रिलनी खड्ड्याच्या कडेनं माती अंगुळ अंगुळ काढायला घेतली. चौथं नाणं निघालं. मग त्यांचा ब्रश थांबला. ते दोन्ही कोपरांवर खाली गेले, नाक मातीला लागेपर्यंत.

"दहन," ते म्हणाले.

मॉरीननी माझा दंड धरला.

"नाणी सातशे सालच्या आसपासची," क्वांट्रिल वर न बघता बोलत होते, आवाज खाली गेलेला. "तोवर इथले सगळे ख्रिस्ती झाले होते. मेलेल्याला पुरत होते. दोन पिढ्यांपासून इकडं कुणी कुणाला जाळलेलं नाही. आणि हा बघा, हा इथं. राखेसह, चांदीसह." ते टाचांवर बसले. "हा माणूस चुकीच्या शतकात आहे."

चुकीच्या शतकात असणं हा आमच्या घराण्याचा जुनाच प्रश्न आहे, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

बोलायची वेळ तीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. आपली पुस्तकं वेळेवर परत करणारी, कधीही रांग न मोडलेली मी, त्या क्षणी पुढं होऊन दोन वाक्यं बोलले असते तर पुढचे सात महिने वाचले असते. पण क्वांट्रिल पुढं बोलायला लागले.

"साधा माणूस नाही हा. सगळं जग बदललं तरी आपली रीत न सोडलेला कोणीतरी आहे."

मी मान हलवली. बाबांनी शेवटपर्यंत मोबाईल घेतला नव्हता.

"आणि राख पाहा. किती बारीक. अस्थी मुद्दाम कुटल्यात. एवढी मेहनत सगळ्यांसाठी घेत नाहीत." मॉरीनना बिस्किटाचा ठसका लागला. "आणि हा खड्डा. कडा बघा, कसा काटकोनात खणलाय. लोक मेलेल्यांसाठी कसेही खड्डे खणतात हो. हा ज्यानं खणला त्याची या माणसावर माया होती."

फेब्रुवारीपासून बाबांबद्दल कोणी इतकं बोललं नव्हतं. लोक येऊन मला जेवलीस का विचारत होते, झोप लागते का विचारत होते. हा गृहस्थ चिखलात बसून बाबांबद्दल बोलत होता, आणि एकही गोष्ट चुकीची सांगत नव्हता.

"आणखी काय सांगता येईल?" मी विचारलं.

बेथननं वळून माझ्याकडे पाहिलं. मी ओककडे पाहिलं.

क्वांट्रिलनी आणखी पुष्कळ सांगितलं. हा माणूस या जागेवर वारंवार येत असावा. जागा त्यानं स्वतः निवडली असावी. एव्हाना सिरिलनी त्याचं 'ओकखालचा सरदार' असं नाव ठेवून टाकलं होतं आणि बातमीत मंडळाचं नाव कसं यावं याची जुळवाजुळव सुरू केली होती. चार वाजता क्वांट्रिलनी ब्रश खिशात खोचले. "उद्या विद्यापीठातून माणसं बोलावतो. हा नोंदवहीत जाणार. ओळ नाही, बाई, अख्खं पान!"

ते पान घेऊन मी घरी आले. गॅरेजमध्ये त्या डब्यांसमोर उभी राहिले. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. बाबा नोंदवहीत गेले असते, पहिल्या पानावर, नकाशा आणि छायाचित्रासह, शाळेतल्या मुलांनी प्रकल्प केले असते. फक्त कोणीही त्यांना डी. पॅलंट म्हटलं नसतं. आणि पाद्र्यानं 'डेनिस' म्हटल्याचा मला अजून राग होता. निदान ते नाव तरी होतं.

सकाळी मी शेतात गेले तेव्हा क्वांट्रिल राखेचे नमुने छोट्या बाटल्यांत भरत होते.

"डॉ. क्वांट्रिल," मी म्हणाले, "ते माझे वडील आहेत."

त्यांनी माझ्याकडे फार प्रेमानं पाहिलं. "अहो, एका अर्थानं ते आपल्या सगळ्यांचेच पूर्वज आहेत."

"नाही. एकाच अर्थानं. परवा अकरा वाजता मी त्यांना इथं ओतलं."

क्वांट्रिलनी टोपी काढली. बाबांसाठी काढली की घाम पुसायला, ते कळलं नाही. त्यांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि अगदी सावकाश बाटलीचं झाकण परत लावलं. "आणि नाणी?" त्यांनी विचारलं. "नाणीही तुम्हीच...?"

"नाणी तुमच्या शतकातली आहेत. ती ह्यांच्या खाली होती."

सिरिलना सगळ्यात आधी उमगलं. ते खुर्चीत आधी हलले, मग हसायलाच लागले. "म्हणजे ही डेसची चहाची जागा! थांब थांब. तो इथं स्टूल टाकून बसायचा. यंत्र बंद करून! लोखंडी स्टुलामुळं वाजतं म्हणून तो इथं यंत्र कधी फिरवायचाच नाही! अरे देवा, एकतीस वर्षं गुप्तधनावर बसून सँडविच खाल्लं की रे यानं!"

हे मला तोवर सुचलं नव्हतं. सगळं शेत त्यांनी पावलापावलानं तपासलं होतं, आणि एवढीच जागा अशी होती जिथं ते काही शोधत नव्हते. तिथं ते फक्त माझ्याशी बोलत बसायचे.

"सिरिल," गॅरड म्हणाले, "खुर्ची उचल."

"अरे, मी आपलं गमतीनं..."

"उचल. आणि फाटक लावून जा."

सिरिल गेले. गॅरड माझ्याजवळ येऊन ट्रॅक्टरकडे तोंड करून उभे राहिले. आमच्याकडे माणसं एकमेकांशी महत्त्वाचं बोलताना अशीच ट्रॅक्टरकडे बघतात.

"मला विचारलं का नाहीस, पोरी?"

"तुम्ही हो म्हणाला असतात म्हणून."

त्यांनी यावर विचार केला. "हो म्हणालो असतो," ते म्हणाले. मग ओककडे मान करून, "इथवर नांगर आणत नाही मी. निवांत राहील."

पण निवांत राहायची सोय आता कायद्यात नव्हती. उत्खननात माणसाचे अवशेष निघाले की ते कसेही आलेले असोत, परत ढकलून देता येत नाहीत. पोलिसांना कळवावं लागतं. एक गुटगुटीत शिपाई वही घेऊन आला.

"मृत्यूचं कारण?"

"हृदय."

"ठिकाण?"

"दवाखाना."

"मग इथं कसे आले?"

"माझ्या गाडीतून."

त्यानं ते लिहून घेतलं आणि गाडीचा नंबर विचारला. मग दहनाचा दाखला. दाखल्यावर नाव होतं, पण या राखेवर नाव नव्हतं, तेव्हा दाखल्यातले वडील ते हेच कशावरून, असा प्रश्न निघाला. मॉरीननी पुढं होऊन साक्ष दिली की मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखते. "राखेवरून?" शिपायानं विचारलं. "खांद्यांवरून," मॉरीन म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यानं तेही लिहून घेतलं.

उरलेली नाणी शोधायची तर सगळी माती चाळणं आलं. म्हणजे बाबांनाही. बेथननं ते काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. दोन दिवस तिनं बारीक चाळणीवर हलक्या हातानं काम केलं आणि मी समोर बसून तिला चहा देत होते. आणखी तीन साळिंदरं निघाली. एकूण सात. बाबा तीन पिशव्यांत भरले गेले आणि प्रत्येक पिशवीवर जलरोधक शाईनं लिहिलं गेलं: जागा, तारीख, संदर्भ क्रमांक चार. मग त्या पिशव्या जिल्ह्याच्या वस्तुभांडारात रवाना झाल्या, मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनर अधिकाऱ्याचा निकाल लागेपर्यंत. सात महिने बाबा रोमन मडक्यांच्या फळीवर होते. बेथन मधूनमधून फोन करायची.

"दमट नाही ना तिथं?" मी विचारायची.

"तापमान नियंत्रित आहे, हेस्टर."

"माझ्या घरापेक्षा बरं," मॉरीन म्हणायच्या. "विचार, एखादी जागा शिल्लक आहे का."

ज्या कोरोनरपुढं बुडालेली, अपघातात गेलेली माणसं येतात त्याच कोरोनरपुढं गुप्तधनही येतं. कोणे एके काळी राजाच्या हिताची प्रत्येक गोष्ट एकाच माणसानं पाहायची असं ठरलं आणि नंतर ते बदलायचं राहून गेलं. एप्रिलमध्ये मी ठेवणीतला कोट घालून गेले. दारातल्या कारकुनानं यादीवर बोट फिरवलं.

"तुम्ही नाण्यांसाठी की मृतासाठी?"

"दोन्ही."

त्यानं पुन्हा यादी पाहिली. "अशी सोय नाहीये," तो म्हणाला आणि आत विचारायला गेला.

कोरोनर बाई साठीच्या, सर्दी झालेल्या, टेबलावर रुमालांचा खोका. त्यांनी नाण्यांचा अहवाल वाचला, चांदीचं प्रमाण वाचलं, गॅरडना शेताच्या मालकीबद्दल विचारलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ही नाणी कोणाला सापडली?"

हे उत्तर मी महिनाभर घोकलं होतं. यंत्र त्यांचं. फावडं त्यांचं. परवानगी त्यांच्या नावावर. खड्डा त्यांच्यासाठी, त्यांनी निवडलेल्या जागेवर. बुजवण्याआधी तपासायचा नियमही त्यांचा, आणि पहिलं नाणं वर आलं तेव्हा अक्षरशः त्यांच्यात गुंडाळलेलं होतं.

"माझ्या वडिलांना," मी म्हणाले.

"त्यांचं निधन कधी झालं?"

"चौदा फेब्रुवारी."

"आणि नाणी सापडली?"

"सव्वीस सप्टेंबर."

खोलीत कोणीतरी खोकलं. कोरोनर बाईंनी लेखणी खाली ठेवली, रुमालानं नाक पुसलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. "मिस पॅलंट," त्या म्हणाल्या, "माझ्यापुढं येणारी बहुतेक माणसं गेलेल्याच्या नावावरचं काहीतरी कमी करून घ्यायला बघतात. वाढवायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. पण शोधणारा माणूस शोधताना हयात असावा लागतो. कायदा तेवढं मागतो." आणि त्यांनी लिहिलं. शोधणारी: हेस्टर पॅलंट.

मी पायऱ्या उतरले तेव्हा मॉरीन म्हणाल्या, "अगं, तुझं नाव लागलं! चांगलं झालं ना?" मी हो म्हटलं. आमच्या घरातल्या एका माणसाला ओळ मिळाली होती. चुकीच्या माणसाला. सहा मिनिटंही ज्यानं शोधलं नाही त्याला. बसमध्ये मी खिडकीकडे बसले आणि मॉरीननी घरापर्यंत एक शब्द काढला नाही. त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

मेमध्ये तीन पिशव्या पावतीवर सही घेऊन परत मिळाल्या. या वेळी खड्डा गॅरडनी खणला. तो काही काटकोनात आला नाही. मला चालला. गॅरडनी माती लोटली, फावड्यानं थोपटली आणि म्हणाले, "अकरा वाजले की मी इथूनच जातो." मग ट्रॅक्टरकडे गेले.

आणि जूनमध्ये बेथनचा फोन आला. मी शाळेत होते, परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत.

"हेस्टर, नाण्यांची नोंद पूर्ण केली. छापण्याआधी तुम्हाला एक वाचून दाखवायचंय." ती जराशी घुटमळली. "शोधणाऱ्याच्या रकान्यात तुमचंच नाव आहे, तिथं माझा इलाज नाही. पण खाली आणखी एक रकाना असतो. मूळ जागेत नंतर झालेला व्यत्यय. नांगर लागला असेल, सशांनी बीळ केलं असेल, पाण्याचा नळ गेला असेल तर काय आणि कुठवर, ते नक्की लिहायचं असतं. तो रकाना मी रिकामा सोडला तर नोंद चुकीची होईल. वाचू?"

"वाच."

कागदाचा आवाज आला. "'आधुनिक व्यत्यय: डेस्मंड आर्थर पॅलंट, पियानो जुळवणारे. या शेतात एकतीस वर्षं शोध घेतला. ठेव्याच्या वरच्या थरात मिसळलेले. चाळूनही पूर्ण वेगळे करता आले नाहीत.'"

मी शिक्का खाली ठेवला.

"'व्यत्यय' हा आमचा ठरलेला शब्द आहे," बेथन घाईघाईनं म्हणाली. "तुम्हाला खटकत असेल तर मी वर विचारून..."

"राहू दे," मी म्हणाले. "आई हेच म्हणायची."

ती हसली. मीही हसले असावे. एक मुलगी पुस्तक परत करायला आली होती, ती माझ्याकडे बघून टेबलापासून दोन पावलं मागं सरकली.

"बेथन," मी म्हणाले, "शेवटचं वाक्य परत एकदा वाच."

तिनं वाचलं.